जुळा खळगा

मला राग लवकर येतो, हे ओरानमध्ये सगळ्यांना माहीत आहे. म्हणून परीक्षक म्हणून मला सहसा कोणी बोलावत नाही, आणि बोलावलंच तर दुसरं कोणी मिळालं नाही असं खुशाल समजावं. त्या जूनमध्ये अल्जीयर्सच्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं ते असंच. मोक्रान नावाच्या मुलाचा प्रबंध होता आणि त्याचे मार्गदर्शक होते प्राध्यापक आइत झियान. आइत झियानांच्या हाताखालच्या कोणाचीही डॉक्टरेट आजवर अडलेली नाही, असा त्यांचा लौकिक. तो लौकिक ते स्वतःच सांगत फिरतात.

सभागृहाच्या दारात पाऊल ठेवलं तर आत लग्नघर. मोक्रानच्या गावची मिनीबस आकबूहून भरून आली होती. भिंतीलगतच्या टेबलांवर मकरूत या खजुराच्या मिठाईची ताटं, अंजिरं, लिंबाचं सरबत, कॉफीचे थर्मास. आमच्याकडे तोंडी परीक्षेला घरदार येतं आणि निकाल लागायच्या आधीच फराळ मांडून होतो. अशा वेळी परीक्षकाने 'नाही' म्हणायचं म्हणजे भरल्या मांडवातून नवरदेवाला परत पाठवायचं. कोणाची छाती आहे? प्राध्यापकांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि काहीजण त्या ताटांच्या आडोशालाच उभे राहतात.

मोक्रानची आई जुहेर, तिकडच्या रीतीने आदराने ना जुहेर, माझ्याकडे आली. फुलाफुलांचा कबाइली झगा, हातात कॉफीचा पेला.

"तू ओरानहून आलीस ना गं? एवढ्या लांबून! बस आधी. परीक्षा काय, होईल सावकाश."

बाई कबाइलीत, त्यांच्या डोंगराळ मुलखाच्या भाषेत बोलली; माझी सासूही तिकडची, बेजायाची, त्यामुळे ती मला समजते. भांडताना तर बोलताही येते. मी कॉफी घेतली आणि मला आणखीच राग आला, कारण त्या बाईला काही कल्पना नव्हती आणि माझ्या पिशवीतल्या प्रबंधात मधल्या एका प्रकरणावर मी लाल पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

विषय सांगते, घाबरू नका. प्लाझ्मा म्हणजे असा वायू की ज्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटून मोकळे हिंडतात. त्यात जबर ताकदीचा लेसरचा ठोका सोडला की तो इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलत घुसतो आणि मागे लाटा सोडतो, होडीच्या मागे पाण्यात सुटतात तशा. कधीकधी त्यातला थोडा प्रकाश मागे राहतो. त्याने स्वतःच उकरलेल्या खळग्यात तो अडकतो. भोवती प्लाझ्मा दाट, बाहेर पडायला वाट नाही. ठोका पुढे निघून जातो आणि हा प्रकाशाचा खळगा न पसरता, न विरता तिथेच राहतो. इथे साधी बेरीज चालत नाही. दुप्पट ताकद लावली म्हणून दुप्पट परिणाम होत नाही, तिसरंच काहीतरी उभं राहतं. या खळग्यांवर मी उमेदीची वर्षं घातली आहेत, आणि अजूनही पडद्यावर एखादा उमटला की मला बरं वाटतं.

तसला लेसर आमच्याकडे नाही. आम्ही हे सगळं संगणकात मांडतो. एक खोकं घ्यायचं, त्यात प्लाझ्मा भरायचा, त्यात ठोका सोडायचा. संगणक लहान म्हणून खोकंही लहान. भिंती ठेवल्या तर लाटा त्यांच्यावर आपटतील, म्हणून एक युक्ती करतात: उजव्या कडेने जे बाहेर जाईल ते डाव्या कडेने आत घ्यायचं. जुन्या मोबाइलवरच्या खेळातला साप आठवा. तो एका बाजूने बाहेर गेला की दुसऱ्या बाजूने आत यायचा, आणि जरा लांब झाला की स्वतःच्याच शेपटीवर आपटायचा.

आइत झियानांना अशा एका खोक्यात जुळा खळगा सापडला. दोन खळगे एकमेकांना चिकटलेले, मध्ये पातळसा पडदा. असा खळगा जगात कोणालाच मिळाला नव्हता. त्यावर त्यांचे लेख छापून आले, परदेशांतून निमंत्रणं आली. त्यांची विद्यार्थिनी वसीला हिने त्याच खळग्यावर सर्वोच्च श्रेणी घेतली आणि ती त्याच विभागात शिकवायला लागली. मला पहिल्यापासून वाटत होतं की हा साप शेपटीवर आपटतो आहे. ठोका खोक्याला वळसा घालून परत येतो, आपल्याच मागे सोडलेल्या लाटांवर चढतो, आणि तिथे हे जुळं जन्माला येतं. हे तपासायला काही फार अक्कल लागत नाही. खोकं दुप्पट करा. खळगा खरा असेल तर राहील, नसेल तर जाईल.

प्रबंध वाचून पाठवलेल्या माझ्या अहवालात मी तसं स्पष्ट लिहिलं होतं. त्याचं उत्तर दुरुस्त करून आलेल्या प्रबंधात मिळालं, एका ओळीत: 'खोक्याची लांबी बदलून पाहिली, निष्कर्ष तेच राहतात.' ना आकृती, ना आलेख. माझ्या प्रश्नाच्या तोंडावर फेकलेला तुकडा.

परीक्षा सुरू होण्याआधी आइत झियानांनी मला मार्गिकेत गाठलं. सूट, अत्तर, तोंडभर हसू.

"खैरा, तू अजून त्या खोक्यावरच अडलीस का?"

"तुम्ही अजून ते दुप्पट केलं नाहीत म्हणून."

"अगं, किरकोळ गोष्ट आहे. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्याची आई बघ आत, केवढी सजून आली आहे."

"आई काय खोक्यात बसणार आहे?"

ते हसले. माझ्या रागावर लोक हसायला लागले की मला जास्त राग येतो.

परीक्षक आम्ही पाचजण. अध्यक्ष हाशेमी, आदराने सी हाशेमी, ज्यांनी एके काळी मला शिकवलं, आता निवृत्तीला टेकलेले. स्वतः आइत झियान. मी. वसीला. आणि अन्नाबाहून आलेले एक गृहस्थ, ज्यांचं सगळं लक्ष परतीच्या विमानाकडे होतं. मोक्रान उभा राहिला. किडकिडीत मुलगा, कोट बहुधा मामाचा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. पण बोलला चांगलं. लहान खळगे, फिरणारे चुंबकी भोवरे, सगळं नीट उलगडून सांगितलं. जुळ्या खळग्यावर मात्र तो इतक्या झपाट्याने गेला की मी समजले, या पोराला तिथे पाय ठेवायची इच्छा नाही.

माझी पाळी आली.

"बाकी सगळं मला आवडलं," मी म्हटलं. "एकच विचारते. खोकं दुप्पट केलंस का?"

त्याने पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

"केलं होतं, उस्तादा. एप्रिलमध्ये."

"मग?"

"गेला."

"काय गेला?"

"खळगा. दोन्ही बाजू. मग चौपट केलं. तेव्हाही आला नाही."

"मग प्रबंधातली ही ओळ?"

त्याने आइत झियानांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिला. "ती ओळ माझ्या हातची नाही."

सगळं फ्रेंचमध्ये चाललं होतं. मागे बसलेल्या मामांना वाटलं, भाच्याने बाईंची बोलती बंद केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गावानेही वाजवल्या. त्या टाळ्यांत मोक्रान एकटा उभा होता, आणि मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

विचारविनिमयासाठी आम्ही बाजूच्या खोलीत गेलो. दार लागताच आइत झियानांचं हसू गळून पडलं.

"कृतघ्न! मी या पोराला संगणकावर वेळ मिळवून दिला, विषय दिला, आणि हा माझ्याच तोंडावर—"

"आणि ती ओळ कोणी दिली?" मी विचारलं.

"तुझ्या अहवालाला उत्तर हवं होतं ना तुला?"

"खरं उत्तर हवं होतं. ते त्याच्याकडे एप्रिलपासून पडलेलं होतं आणि तुम्ही त्यावर बसून राहिलात!"

"हळू, पोरी, हळू," सी हाशेमी म्हणाले. "बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे की!"

अन्नाबाच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि निर्णय घेऊ या म्हणून सुचवलं. मी माझं म्हणणं मांडलं. पदवी द्या, त्याने ती कमावली आहे. पण इतिवृत्तात एक वाक्य घाला: जुळा खळगा अस्तित्वात नाही, तो खोक्याच्या लांबीचा परिणाम आहे, आणि हे उमेदवाराने स्वतः दाखवून दिलं आहे. सबंध प्रबंधातला खरा शोध तोच आहे. तेवढं लिहिलं तर प्रकरण दुरुस्त होईल आणि पुढच्या कोणाला त्या खड्ड्यात पडावं लागणार नाही.

"आणि माझे लेख?" आइत झियानांनी विचारलं.

"मागे घ्या."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊपणा मी जन्मात विसरणार नाही.

"मी सांगतो काय करायचं. पोरगा हुशार आहे, परीक्षेच्या दडपणाखाली काहीतरी बोलून गेला. आपण त्याला सर्वोच्च श्रेणी देऊ, परीक्षकांच्या खास अभिनंदनासह. प्रबंध आहे तसाच राहील. विभागात एक जागा रिकामी होते आहे, ती त्याचीच. काय हरकत आहे?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी पुष्कळ पाहिला होता. तोंड गोड करून मारतात, हे पहिल्यांदा पाहत होते. आणि त्याहून वाईट म्हणजे अन्नाबाचे गृहस्थ मान डोलवत होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, खैरा," सी हाशेमी म्हणाले. "मुलाचं भलं होतंय. विभागाचं नाव राहतंय."

"मूठ उघडली आहे, सी हाशेमी. त्याने सगळ्यांसमोर उघडली. आत काहीही नाही."

म्हाताऱ्याने कपाळ चोळलं. वाईट माणूस नाही तो. आयुष्यभर भांडण टाळलं, एवढंच. "हे गणित माझ्या काळातलं नाही," तो म्हणाला. "वसीलाने यात हात घातलेला आहे. ती म्हणेल ते माझं मत."

वसीला आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिची मान खाली होती आणि ती पेनचं टोपण काढत होती, लावत होती.

"मी पण दुप्पट केलं होतं," ती म्हणाली.

तिने टोपण लावून पेन बाजूला ठेवलं.

"माझ्या वेळी. माझाही गेला होता."

"शाबास!" मी ओरडलेच. "मग झालं. लिहा, सी हाशेमी."

"नका लिहू," वसीला म्हणाली.

"काय?"

"नका लिहू, उस्तादा. माझी पदवी त्याच खळग्यावर आहे. माझी नोकरी त्यावर आहे. आता माझ्या हाताखाली दोन मुली त्याच विषयावर काम करतात. मीच त्यांना तो दिलाय."

"म्हणजे खोटं आहे हे माहीत असताना तू पुढच्या मुलींच्या गळ्यात तेच बांधलंस?"

"तुम्ही आज ओरानला परत जाल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने वर पाहिलं. "मला उद्या जिन्यात त्याच मुली भेटणार आहेत."

तिला एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. चार विरुद्ध एक असं ठरलं. सी हाशेमींनी इतिवृत्त भरलं, सही केली. आइत झियानांनी केली, वसीलाने केली, अन्नाबाच्या गृहस्थांनी उभ्या उभ्या केली आणि बॅग उचलून ते विमानतळाकडे पळाले. कागद माझ्यासमोर आला. मी तो उलटा करून ठेवला.

"बाहेर जाऊन जाहीर करा तुमचं," मी म्हटलं. "मी काय करायचं ते मी बघते."

आम्ही बाहेर आलो. सी हाशेमींनी निकाल वाचला: सर्वोच्च श्रेणी, परीक्षकांच्या अभिनंदनासह. बायकांनी जिभा हलवून यू-यूचा असा गजर केला की खिडक्यांची तावदानं थरथरली. मामांनी मोक्रानला उचललं. आइत झियानांनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि खांद्यावरचा हात तसाच ठेवला. आता उमेदवाराने दोन शब्द आभाराचे बोलायचे, मग फराळ.

मोक्रान खांद्यावरचा हात बाजूला करून माइकपाशी गेला. चेहरा पांढरा पडलेला.

"आभार मी नंतर मानतो," तो म्हणाला. "आधी एक चित्र दाखवायचं आहे."

"मोक्रान, कार्यक्रम संपला," आइत झियान हसतच म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण मला ऐकू जाईल असा: "सगळ्या सह्या झालेल्या नाहीत अजून. लक्षात ठेव." राहिलेली सही एकट्या माझी होती.

"मग नका करू, उस्ताद," मोक्रान म्हणाला. तेही माइकवरच म्हणाला.

मग त्याने फ्रेंच सोडली आणि आपल्या भाषेत आईशी बोलायला लागला.

"येम्मा, तू नेहमी विचारायचीस ना, एवढी वर्षं त्या खोलीत बसून करतोस काय? ये, जवळ येऊन बघ."

पडद्यावर निळा रंग पसरला. पांढरा ठोका सरकत गेला, मागे लाटा, वळसा घालून पुन्हा आत, आणि मध्यभागी दोन तेजस्वी ठिपके चिकटून उभे राहिले. गावाने "वा!" केलं. मामांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"हे छोट्या खोक्यातलं," मोक्रान म्हणाला. "आता हे मोठ्या खोक्यातलं. तोच ठोका. तोच प्लाझ्मा. फक्त जागा जास्त."

पुन्हा निळं. पांढरा ठोका सरकत गेला, लांबवर गेला. मागच्या लाटा हळूहळू बसल्या. निळं सपाट झालं आणि सपाटच राहिलं. सभागृह वाट पाहत होतं.

ना जुहेर पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "ते दोन कुठे गेले?"

"नाहीत, येम्मा."

"यंत्र बंद पडलं का?"

"नाही. चालू आहे. असंच आहे ते."

"मग आधी दाखवलंस ते?"

"ते नव्हतंच. जागा कमी होती म्हणून तसं दिसत होतं. हे मी मघाशी फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांनी मला बक्षीस दिलं, पण हे लिहिलं नाही."

बाई वळली. मघाचं आदरातिथ्य तिच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं होतं. आइत झियान फ्रेंचमध्ये सुरू झाले: मादाम, ही तांत्रिक बाब आहे, तुमचा मुलगा थकलेला आहे.

"तुम्ही आमच्याकडचेच, तिझी उझूचे ना?" तिने विचारलं. "मग माझ्याशी आपल्या भाषेत बोला की. का आपल्या भाषेत खोटं बोलता येत नाही?"

आइत झियानांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात कोणाचं गप्प बसणं मला एवढं गोड लागलं नव्हतं. पण ती त्यांच्यापाशी थांबलीच नाही. ती वसीलासमोर आली. वसीलाही तिकडचीच. प्रबंधाच्या काळात ती आणि मोक्रान एकाच खोलीत काम करायचे, तेव्हा सुट्टीत ती त्याच्या गावी, त्याच्या घरी जाऊन राहिलेली.

"वसीला, तू माझ्या हातचं जेवलीस. मला यातलं काही कळत नाही, मी शाळेत गेलेली नाही. तुला कळतं. नीट बघ आणि मला सांग. तुला तिथे काही दिसतंय का?"

बंद खोलीत 'नका लिहू' म्हणणं जमलं होतं, ते आता जमेना. वसीलाने पडद्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत तिच्या दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या, हातात सरबताचे पेले.

"नाही, ना जुहेर," ती म्हणाली. "काहीच दिसत नाही. माझ्या वेळीही काही नव्हतं."

मागे एक पेला खाली पडून फुटला. कोणी उचलायला वाकलं नाही.

सी हाशेमी उठले. काठी टेकत बाजूच्या खोलीत गेले आणि मी उलटा ठेवलेला कागद घेऊन परत आले. चष्मा लावला, आपल्या सहीच्या वर जागा आहे का ते पाहिलं.

"खैरा," ते म्हणाले, "मघाचं ते तुझं वाक्य काय होतं? सांग. वसीला म्हणेल ते माझं मत, असं मी बोलून बसलोय."

मी सांगितलं. माइक चालूच होता, आणि तो बंद करावा असं मला मुळीच वाटलं नाही.